तिसरा तांब्या

पहिला तांब्या डोक्यावर : काही नाही.
दुसरा : कानामागं ऊब, बंबातल्या चिपाडांचा धूर.
तिसऱ्याला
मोरीची फरशी लांब लांब जाते,
नळाचं गळणं कुणीतरी दुसऱ्याच गावात ऐकतं,
आणि मी

मग आई सांगते तेवढंच मला माहीत.
की तांब्या आपटल्याचा आवाज आला,
की कडी आतून होती, बाबांनी रापी घालून दार उचकटलं,
की तानूमावशी ओरडली, चप्पल हुंगवा तिला, चप्पल!
सुभाषनगरात, आमच्या घरात,
चप्पल काय शोधावी लागते?
खुंटीला जोड्यांच्या माळा, खाटेखाली पोत्यात तळ,
जन्मल्यापासून हुंगतेच आहे मी
हिरडा, बाभळीची साल, ओलं कातडं.
तरी मावशीनं नवी कोरी कापशी नाकाला लावली.
गिऱ्हाइकाची होती. आठ नंबर.
माझी लाळ लागलेली
बाबांनी पुसली, आणि विकली.

सीपीआरमध्ये डोक्याला वायरी चिकटवल्या,
डोळ्यांपुढं दिवा फडफडवला,
कागदावर रेघा शहाण्यासारख्या चालत राहिल्या.
बोलावलं की येत नाही ते.
कुलगोड मॅडमनी विचारलं, कधी होतं?
आई म्हणाली, अमावास्येच्या आसपास.
मी म्हणाले, न्हाताना. कडकडीत पाणी डोक्यावरून घेताना.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, म्हैसूरकडं अशा पुष्कळ आहेत.
म्हैसूर मी पाहिलेलं नाही,
पण तेव्हापासून तिथल्या बायका मला दिसतात,
निथळत्या केसांच्या,
तांब्या हातात धरून अडलेल्या.

गोळी रात्री. पाणी कोमट.
केस वेगळे धुवायचे, वाकून, थोडे थोडे.
दाराला कडी नाही.

एक मात्र मॅडमना सांगितलं नाही.
आईलाही नाही.
निपाणीहून बघायला आलेल्यांना तर नाहीच,
त्यांनी ‘आकडी’ एवढंच ऐकलं
आणि पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली.

पडण्याआधी गोड असतं.
टाळूवर जिरवलेलं तेल
कवटीच्या आत झिरपत जावं तसं.
हाडं सैल होतात, नाव सुटतं,
हात आपला आपण बादलीत जातो,
अजून एक, अजून एक,
आणि पुरे म्हणणारी तिथं कुणी नसते.
सव्वीस वर्षांत इतक्या लाडानं
मला कशानंच जवळ घेतलं नाही.
तेच मग फरशीवर आपटतं.
भुवईत चार टाके आहेत, दिसत नाहीत आता फारसे.

आज पहिली आंघोळ.
गल्लीभर बंब धुमसतायत, उटणं, लवंगी फटाक्यांचा वास,
आई मोरीच्या दाराशी पाट टाकून बसलीय,
मांडीवर चामड्याची वेणी.
दिवाळीतही ऑर्डर असते.
“उज्जे, हैस काय?”
“हाय.”
तीन पेड. ओढ. गाठ.
“हैस न्हवं?”
“हाय गं.”

कोपऱ्यात धाकट्याची बादली,
त्यानं बंबातून काढून ठेवलेली, वाफाळती.
कोमट दोन झाले माझे, अंगावर.
तिसरा मी त्या बादलीतून भरला.
खांद्यापर्यंत आलाय.
वाफ गालाला लागते, ओळखीची,
काही मागत नसल्यासारखी.

बाहेर वेणी थांबली.
आई विचारत नाही.

दाराखालच्या फटीतून तिचे पाय दिसतात,
अनवाणी, टाचा चिरलेल्या.
एवढ्या जोड्यांच्या वेण्या घातल्या या बाईनं,
स्वतःला रबरी स्लिपर, तीही बाजाराला जाताना.

“आई,
दार लोट आणि पाय आत घे.”

“का गं?”
“घे की.”

तिसरा तांब्या तिच्या टाचांवर.
“भाजतंय की गं बये,” ती म्हणते
आणि पाय काढून घेत नाही.